लपवलेली मुले वाचली, पण युद्ध संपल्यावर त्यांचे काय झाले?

इतिहास शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने मला तीन प्रश्न विचारले आहेत. वर्गात ज्यूंच्या संहाराचा भाग शिकवून झाला की मुले हमखास विचारतात, ‘अ‍ॅन फ्रँक पकडली गेली, पण जी मुले वाचली ती कशी वाचली?’ हा पहिला प्रश्न. ही मुले मोठी झाल्यावर चाळीस-पन्नास वर्षे गप्प का राहिली, हा दुसरा. आणि चार वर्षांच्या मुलाला जे आठवते, त्याला इतिहास म्हणून किती मानायचे, हा तिसरा. गेली सत्तावीस वर्षे मी मौखिक इतिहासाच्या नोंदी घेते आहे आणि त्यातला बराच काळ बालपणी घरदार सुटलेल्या माणसांचे बोलणे ऐकण्यात गेला आहे. त्या अनुभवाच्या आधारे तिन्ही प्रश्नांना उत्तर देते. उत्तर लांबेल, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्या पोटात दडलेले आहे.

साऱ्या युरोपचे चित्र एकदम मांडायला गेले की ते पुसट होते. नाझी राजवटीत सुमारे १५ लाख ज्यू मुले मारली गेली. हा आकडा वर्गात सांगितला की मुले स्तब्ध होतात, पण त्यांना काही दिसत नाही. म्हणून मी नेदरलँड्स हा एकच देश घेते. तिथल्या नोंदी दाट आहेत. शिवाय तिथे एका डॉक्टरने वाचलेल्या मुलांचा पुढे कित्येक वर्षे माग ठेवला, आणि त्याला जे आढळले ते या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे.

जर्मन फौजा मे १९४० मध्ये नेदरलँड्समध्ये शिरल्या तेव्हा तिथे सुमारे १ लाख ४० हजार ज्यू राहत होते. त्यांतील १ लाखाहून अधिक, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश, परत आले नाहीत. मारल्या गेलेल्या मुलांची संख्या सुमारे १८ हजार आहे. पश्चिम युरोपातील इतर व्याप्त देशांच्या तुलनेत हे प्रमाण फार मोठे आहे आणि त्याची कारणे साधी आहेत. देश सपाट, डोंगर नाहीत, आसरा देईल असे घनदाट जंगल नाही, चारही दिशांना एक तर शत्रूचा मुलूख किंवा समुद्र. त्यातच लोकसंख्येची नोंदणी इतकी चोख, की कोण कुठल्या गल्लीत, कुठल्या मजल्यावर राहतो हे कचेरीतल्या कार्डांवर आधीच लिहिलेले होते. १९४१ च्या जानेवारीत ज्यूंना स्वतःची वेगळी नोंद करण्याचा हुकूम निघाला आणि बहुतेकांनी तो पाळला, कारण कायदा पाळणे हे त्या समाजाच्या अंगवळणी पडलेले होते.

मुलांच्या बाजूने हे सारे वेगळ्या क्रमाने घडले. आधी बागा आणि पोहण्याचे तलाव बंद झाले. १९४१ च्या उन्हाळी सुटीनंतर शाळा सुरू झाल्या तेव्हा ज्यू मुलांना वेगळ्या शाळांत बसवण्यात आले. मे १९४२ पासून सहा वर्षांवरील प्रत्येकाच्या अंगरख्यावर पिवळा तारा आला. त्याच वर्षीच्या जुलैत देशातल्याच वेस्टरबोर्कच्या छावणीतून पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे आगगाड्या सुटू लागल्या आणि वर्गातली बाके एकामागून एक रिकामी होऊ लागली. नंतरच्या मुलाखतींमध्ये ही रिकामी बाके पुन्हा पुन्हा येतात. हुकूम कोणत्या तारखेला निघाला हे मुलाला कधीच ठाऊक नव्हते, पण शेजारी बसणारा मित्र सोमवारी आला नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता लपण्याविषयी. अ‍ॅन फ्रँकमुळे आपल्या मनात एक चित्र घट्ट बसले आहे. पुस्तकांच्या कपाटामागचे दार, वर एकत्र राहणारे कुटुंब, खाली मदत करणारे विश्वासू लोक. हे चित्र खरे आहे, पण ते नेहमीचे नव्हते. सगळे कुटुंब एकत्र लपायचे तर जागा हवी, पैसा हवा, आणि कित्येक जणांचे अन्न गुपचूप आणणारी माणसे हवीत. बहुतेकांजवळ यांपैकी काहीच नव्हते. तान्हे मूल रडले की सगळेच पकडले जाणार. उलट एकटे मूल एखाद्या घरात भाचा, पुतणी किंवा रॉटरडॅममधील बॉम्बहल्ल्यात घर गमावलेले पोर म्हणून खपून जाऊ शकत होते. म्हणून लपवलेल्या मुलांपैकी पुष्कळशी मुले आई-वडिलांपासून तुटून, अनोळखी माणसांच्या घरी वाचली. या लपण्याला डच भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘पाण्याखाली बुडी मारणे’ असा होतो. त्या देशात २५ हजारांहून अधिक ज्यूंनी अशी बुडी मारली. त्यांतील साधारण दोन तृतीयांश वाचले, उरलेले पकडले गेले. पकडून देणाऱ्याला माणशी साडेसात गिल्डर (तेव्हाचे डच चलन) बक्षीस मिळत होते आणि १९४३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधील एका टोळीने या बक्षिसापायी हजारो लोक शोधून काढले.

मुले या जाळ्यातून नेमकी कशी निसटली, हे समजून घ्यायचे असेल तर अ‍ॅमस्टरडॅममधील प्लांताज मिडनलान या रस्त्यावर यावे लागते. रस्त्याच्या एका बाजूला हॉलंडशे स्खाऊबर्ख नावाचे नाट्यगृह होते. १९४२ च्या जुलैपासून जर्मनांनी तिथे, पकडून आणलेल्या ज्यूंना गाडीत चढवण्यापूर्वी डांबायला सुरुवात केली. खुर्च्या काढलेल्या प्रेक्षागृहात शेकडो माणसे दिवसच्या दिवस बसून असत. लहान मुलांचा गोंगाट पहारेकऱ्यांना नको होता, म्हणून रस्त्यापलीकडच्या पाळणाघरात मुलांना ठेवण्याची व्यवस्था झाली. त्या पाळणाघराच्या प्रमुख होत्या हेन्रिएट पिमेन्टेल, साठी उलटलेल्या अनुभवी ज्यू बाई, आणि त्यांच्या हाताखाली वीस-बावीस वर्षांच्या ज्यू मुली काम करत होत्या. नाट्यगृहातल्या नोंदींचे काम, जर्मनांनी आपले हुकूम राबवायला स्थापन करवलेल्या ज्यू परिषदेतर्फे, वाल्टर झ्युस्किंड यांच्याकडे होते. झ्युस्किंड जर्मनीत वाढलेले, जर्मन अधिकाऱ्यांशी त्यांच्याच भाषेत हसून-खेळून बोलणारे, त्यांना मद्य पाजणारे गृहस्थ. त्यांच्याविषयी त्या काळात पुष्कळांच्या मनात संशय होता. त्या हसण्या-बोलण्याच्या आड ते आणि त्यांचे सहकारी फेलिक्स हाल्व्हरस्टाट नोंदपेटीतून मुलांची कार्डे काढून टाकत होते. कार्ड नसले की मूल तिथे आलेच नव्हते, आणि जे आले नाही ते सुटण्याचा प्रश्नच नव्हता.

पाळणाघराला लागूनच एक अध्यापक विद्यालय होते आणि दोन्ही इमारतींच्या मागच्या बागांमध्ये एक कुंपण तेवढे होते. विद्यालयाचे प्रमुख योहान फान हुल्स्ट यांनी पाळणाघरातल्या बाळांना दुपारी झोपवण्यासाठी एक वर्ग दिला. त्या कुंपणावरून बाळे पलीकडे दिली जात. पुढे धुण्याच्या टोपलीतून, पाठपिशवीतून, बटाट्याच्या पोत्यातून त्यांना बाहेर काढले जाई आणि विद्यार्थ्यांच्या गुप्त गटांतील तरुण मुली त्यांना आगगाडीने दूरच्या गावी नेत. थोडी मोठी, चालती मुले दुसऱ्या रीतीने जात. नाट्यगृह आणि पाळणाघर यांच्यामधून ट्राम जात असे. ट्राम मध्ये आली की समोरच्या पहारेकऱ्याला पाळणाघराचे दार काही क्षण दिसत नसे. तेवढ्या वेळात बाई मुलाचा हात धरून बाहेर पडायच्या, ट्रामच्या आडोशाने तिच्या वेगाने चालत राहायच्या आणि पुढच्या थांब्यावर तीत चढायच्या. ट्राममधल्या प्रवाशांना हे दिसत होते.

या साऱ्यात मला सर्वांत कठीण वाटतो तो प्रसंग कुंपणाजवळ घडत नव्हता. तो घडत होता रस्त्यापलीकडे, नाट्यगृहात, आदल्या रात्री. आई-वडिलांच्या संमतीशिवाय मूल बाहेर काढता येत नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी आईने मूल मागितले असते. म्हणून पाळणाघरातील एखादी मुलगी रात्री नाट्यगृहात जाई आणि त्या अनोळखी जोडप्याला विचारी, तुमचे मूल आमच्याकडे ठेवाल का? कुठे ठेवणार, हे सांगता येत नसे. कोण सांभाळणार, हेही नाही. विचार करायला काही तासच असत. जे हो म्हणाले त्यांतील काही आया दुसऱ्या दिवशी गाडीकडे जाताना दुपट्यात बाहुली गुंडाळून छातीशी धरून गेल्या, म्हणजे मोजणी बरोबर यावी. जे नाही म्हणाले त्यांना आपण आज दोष देऊ नये. पूर्वेकडे कामाच्या छावण्या आहेत असे त्यांना सांगितले गेले होते, आणि संकटात लेकराला आपल्यापासून दूर करू नये ही कोणत्याही आई-बापाची पहिली ओढ असते. वर्गात या जागी मुले फार चटकन ‘चूक’ आणि ‘बरोबर’ ठरवू लागतात. तिथे शिक्षकाने थांबले पाहिजे.

अशा रीतीने सुमारे ६०० मुले त्या पाळणाघरातून वाचली. पिमेन्टेल यांना जुलै १९४३ मध्ये पकडून पोलंडमधील आउश्वित्झ या मृत्युछावणीत पाठवण्यात आले आणि तिथे त्यांना मारण्यात आले. सप्टेंबरच्या अखेरीस पाळणाघर रिकामे केले गेले. उरलेल्यांपैकी किती मुलांना घेऊन जाता येईल, हे ठरवण्याची वेळ त्या दिवशी फान हुल्स्ट यांच्यावर आली. त्यांनी बारा मुले घेतली. पुढे शंभरी पार करेपर्यंत ते जगले, मोठमोठे सन्मान त्यांना मिळाले, पण त्या दिवसाविषयी बोलताना ते मागे राहिलेल्या मुलांविषयीच बोलत. झ्युस्किंड, त्यांची पत्नी आणि लहान मुलगी यांपैकी कोणीही वाचले नाही.

मूल परक्या घरी पोचले म्हणजे सुटले असे नव्हते. प्रवासातच त्याला नवे नाव पाठ करवले जाई. तुझे आडनाव हे, तुझे वडील खलाशी आहेत, तू अमक्या गावचा. काळ्याभोर केसांची मुले शक्यतो दक्षिणेकडे लिम्बुर्खच्या खाणींच्या भागात पाठवत, कारण तिथे ती वेगळी दिसत नसत. पिंगट केसांची उत्तरेला फ्रीसलंडमध्ये. मुलींना लपवणे सोपे जाई. मुलग्याची सुंता झालेली असल्याने एकदा चड्डी उतरवली की सगळे उघडे पडे, म्हणून त्यांना इतर मुलांबरोबर कधीही आंघोळ करायची नाही, आडोशाशिवाय लघवीला बसायचे नाही, हे धडे द्यावे लागत. कॅथलिक घरात मुलाला प्रार्थना शिकवल्या जात आणि रविवारी चर्चमध्ये नेले जाई. पुष्कळ मुले त्या प्रार्थनेत खरोखर रमली. भीतीने गारठलेल्या मुलाला मेणबत्त्या, गाणे आणि आपल्याकडे पाहणारी मेरीमाता यांचा आधार वाटला, यात नवल नाही, आणि त्याबद्दल त्या मुलाला पुढे अपराधी वाटावे असेही काही नाही.

काही मुले पहिल्याच घरी युद्धाच्या शेवटापर्यंत राहिली. काहींना दहा-दहा घरे बदलावी लागली. शेजारी कुजबुजले की रात्रीच पुढचे घर. बहुतेक पालनकर्त्यांनी जिवावर उदार होऊन या मुलांना सांभाळले. शिधापत्रिकेशिवाय आलेल्या आणखी एका तोंडाला त्यांनी आपल्या ताटातले दिले, तेही १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जेव्हा देशाच्या पश्चिम भागात सुमारे २० हजार माणसे उपासमारीने मेली. इस्रायलमधील याद वाशेम या स्मृतिसंस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्या अन्यधर्मीयांचा जो सन्मान सुरू केला, त्यात पोलंडखालोखाल नेदरलँड्सचे लोक सर्वाधिक आहेत. तरीही सगळी घरे मायेची नव्हती, हेही लिहिले पाहिजे. काही ठिकाणी मुलांना गड्यासारखे राबवले गेले, काहींना मारहाण झाली, काहींचा लैंगिक छळ झाला, आणि तक्रार करायला जागा नव्हती, कारण तक्रार करणे म्हणजे मरणे. मुलांना ‘वाचवणारे देव’ एवढेच चित्र दाखवले की ज्यांच्या वाट्याला हे आले त्यांची तोंडे आपण दुसऱ्यांदा बंद करतो.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सांगता येईल. या मुलांना गप्प राहणे शिकवले गेले होते, आणि ते त्यांना इतके उत्तम जमले म्हणून ती वाचली. आपले नाव विसर, आईचे नाव विसर, घराचा पत्ता विसर, रडायचे असेल तर उशीत तोंड खुपसून रड. ज्या वयात मूल नुकते बोलायला शिकते, त्या वयात त्यांना न बोलण्याचे शिक्षण मिळाले. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला तेव्हा ‘आता बोलायला हरकत नाही’ असे त्यांना कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी ते शिक्षण एका दिवसात विसरता आले नसते.

त्यापुढचे तर अधिकच गुंतागुंतीचे आहे. काही मुलांची आई किंवा वडील परत आले. दारात उभी असलेली हाडकुळी, केस कापलेली बाई आपली आई आहे हे तीन वर्षांनंतर मुलाने ओळखले नाही; ते सांभाळणाऱ्या आईच्या पदराआड लपले. सुमारे २ हजार मुलांचे मात्र दोन्ही पालक परतले नाहीत. त्यांचे काय करायचे हे ठरवण्यासाठी ऑगस्ट १९४५ मध्ये सरकारने युद्धकाळातील पोरक्या मुलांसाठी एक आयोग नेमला. त्याच्या अध्यक्षा खेजिना फान डेर मोलन होत्या. युद्धात स्वतः ज्यू मुलांना लपवण्यात पुढाकार घेतलेल्या, कट्टर प्रोटेस्टंट श्रद्धेच्या कायदेपंडित. ज्या घराने जीव धोक्यात घालून मूल वाचवले, तिथे ते रुळले असेल तर तिथेच ठेवावे, अशी त्यांची आणि त्यांच्या बाजूच्या सभासदांची भूमिका होती. ज्यू सभासदांचे म्हणणे असे, की एक लाख माणसे गमावलेल्या समाजाकडून आता त्याची उरलेली मुलेही घेणार काय? मारल्या गेलेल्या आई-वडिलांनी मूल जीव वाचवण्यासाठी दिले होते, धर्म बदलण्यासाठी नव्हे. पुढची चार वर्षे हा वाद चालला. बहुसंख्य मुले ज्यू नातेवाइकांकडे किंवा ज्यू अनाथगृहांत गेली, काहीशे मुले सांभाळणाऱ्या कुटुंबांतच राहिली. एका मुलीला तर न्यायालयाच्या आदेशानंतरही सांभाळणाऱ्या बायकांनी देशोदेशी लपवून ठेवले आणि ती सज्ञान होईपर्यंत सापडली नाही.

मला या वादात एक बाजू घ्यावीशी वाटत नाही. दोन्हीकडचे लोक मुलांवर प्रेम करत होते आणि दोन्हीकडे कोणीही मुलाला बसवून, तुला काय वाटते, असे विचारत नव्हते.

विचारणारा एक माणूस होता. हान्स काइलसन हे जर्मनीत जन्मलेले ज्यू डॉक्टर. हिटलर आल्यावर ते नेदरलँड्सला आले, युद्धात डेल्फ्ट शहरात खोट्या नावाने लपून राहिले आणि त्याच अवस्थेत गुप्त गटांच्या सांगण्यावरून इतर लपलेल्या मुलांना भेटून त्यांची मने जाणून घेत राहिले. त्यांचे स्वतःचे आई-वडील आउश्वित्झमध्ये मारले गेले. युद्धानंतर ते ज्यू पोरक्या मुलांसाठीच्या संस्थेत काम करू लागले. पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांनी या मुलांपैकी २०४ जणांचा, ती मोठी झाल्यावर, पुन्हा अभ्यास केला. तो अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी मुलांच्या आयुष्यातील आघाताचे तीन टप्पे मानले: शत्रूचा अंमल सुरू झाल्यापासून घर असुरक्षित होईपर्यंतचा पहिला, आई-वडिलांपासून तुटून लपण्याचा किंवा छावणीचा दुसरा, आणि युद्ध संपल्यावर कोणाच्या हाती सोपवले गेले त्याचा तिसरा. आढळले असे, की ज्यांचा दुसरा टप्पा भयंकर गेला पण तिसऱ्यात समजून घेणारी, धीराची माणसे मिळाली, ती मुले पुढे बरी सावरली. ज्यांचा लपण्याचा काळ त्या मानाने बरा गेला, पण नंतर ज्यांची ओढाताण झाली, ती अधिक खचली.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या कामाची रीतच बदलली. तोवर मी मुलाखत घेताना ‘मुक्तता झाली’ या वाक्याशी आले की ध्वनिमुद्रण आवरते घेत असे. फाळणीनंतर बालपणी उल्हासनगरच्या छावण्यांत आलेल्या वृद्धांशी मी बोलत होते तेव्हाही प्रवास, गाडी, दंगल एवढेच विचारत होते. घरदार सुटण्याचे ते दुःख वेगळे आणि हे वेगळे, त्यांची तुलना मला करायची नाही. पण ऐकण्याची चूक दोन्हीकडे एकच होती. छावणीत आल्यावर काकांनी आपल्याला कसे वागवले, हे त्यांतील एका आजोबांना सांगायचे होते. ते मी विचारलेच नव्हते.

लपलेल्या मुलांना युद्धानंतर घरोघर एकच वाक्य ऐकावे लागले: तू लहान होतास, तुला काय आठवणार? छावणीतून आलेल्या मोठ्या माणसांच्या दुःखापुढे यांचे दुःख मोजलेच गेले नाही. तुला तर जेवायला मिळत होते, तुला तर गादी होती. मग मुलांनीही मान्य करून टाकले की आपल्याला सांगण्यासारखे काही घडले नाही. देश उभारणीच्या गडबडीत होता, सांभाळणाऱ्यांना कृतघ्नपणा नको होता, नातेवाइकांना मेलेल्यांची नावे ऐकवत नव्हती. या लोकांनी शिक्षण घेतले, लग्ने केली, मुलांना वाढवले. मे १९९१ मध्ये न्यूयॉर्कला लपवलेल्या मुलांचे पहिले आंतरराष्ट्रीय संमेलन भरले आणि सुमारे १,६०० जण आले, तेव्हा पन्नाशी-साठीची ही माणसे आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला ‘वाचलेला’ म्हणवून घेऊ लागली. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅमलाही असे संमेलन झाले. त्या वेळेपर्यंत बहुतेकांचे सांभाळणारे आई-वडील थकले होते किंवा गेले होते, स्वतःची मुले घराबाहेर पडली होती, आणि कृतज्ञतेचे ओझे थोडे हलके झाले होते. बोलायला उशीर झाला याचे एक कारण हेही आहे.

तिसरा प्रश्न आठवणीच्या खरेपणाचा. तो टाळू नये. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका माणसाने छावणीतील आपल्या बालपणाच्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांना बक्षिसे मिळाली, आणि तीन-चार वर्षांत उघड झाले की तो ज्यूही नव्हता आणि छावणीतही नव्हता. त्यातून काहींनी असा अर्थ काढला की बालपणीच्या आठवणींवर विसंबूच नये. माझ्या मते त्यातून एवढेच शिकावे की आठवण आणि कागद एकमेकांशेजारी ठेवावेत. चार वर्षांच्या मुलाला वर्ष, गाव, अधिकाऱ्याचा हुद्दा आठवत नाही. आठवतो असे कोणी म्हणत असेल तर तो तपशील नंतर ऐकलेला किंवा वाचलेला असण्याचा संभव मोठा. त्या मुलाला आठवतो जिन्याखालच्या कोनाड्यातला ओलसर वास, फरशीवरून चालणाऱ्या बुटांचा आवाज, एका बाईचा खरखरीत ॲप्रन. अशा आठवणी साक्ष म्हणून मोलाच्या आहेत, पण त्या तारखेची साक्ष देत नाहीत. तारीख शोधायला वेस्टरबोर्कच्या गाड्यांच्या याद्या आहेत, नगरपालिकेची कार्डे आहेत, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आहेत, पोरक्या मुलांसाठीच्या त्या आयोगाच्या फायली आहेत, पालनकर्त्यांनी लिहिलेली पत्रे आहेत. कागद गाडी कधी सुटली ते सांगतो. अ‍ॅप्रन कसा होता, हे त्याला माहीत नसते.

आणि दोन्ही जुळले नाहीत तर? नोंदी घेण्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका वृद्ध बाईंना मध्येच थांबवून म्हटले होते, ‘पण त्या वर्षी ती गाडी सुटत नव्हती.’ माझे म्हणणे बरोबर होते. त्यांनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले, ‘मग मला चुकीचे आठवत असेल,’ असे म्हटले, आणि त्या दिवशी पुढे त्या काहीही बोलल्या नाहीत. तपासणी करायची ती नंतर, आपल्या टेबलावर. समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर नव्हे. जिथे जुळत नाही ती जागा टिपणात जशीच्या तशी मांडून ठेवावी.

वर्गासाठी आता काही ठोस गोष्टी सांगते. ‘समजा तुम्ही लपलेले ज्यू मूल आहात’ असा खेळ मुलांकडून करवून घेऊ नका. दहा मिनिटे बाकाखाली बसून त्यांना यातले काहीही कळणार नाही आणि त्यांचा हशाच होईल. त्याऐवजी एक रस्ता फळ्यावर काढा: इकडे नाट्यगृह, तिकडे पाळणाघर, शेजारी विद्यालय, मधून ट्राम. कोण कुठे उभे होते, कोणाला काय दिसत होते, कोणाला काय करता आले असते, एवढे विचारा. ते अध्यापक विद्यालय आज नेदरलँड्सच्या राष्ट्रीय होलोकॉस्ट (म्हणजे ज्यूंचा संहार) संग्रहालयाचा भाग आहे. हे संग्रहालय मार्च २०२४ मध्ये उघडले. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये नावांचे स्मारकही उभे राहिले आहे. त्याच्या भिंतींत १ लाख २ हजारांहून अधिक विटा आहेत आणि प्रत्येक विटेवर एका मृताचे नाव, जन्मतारीख आणि वय कोरलेले आहे. आडनावाच्या क्रमाने लावल्यामुळे आजोबा, आई, लेकरू एकाखाली एक येतात. वय वाचत गेले की ७१, ३४, ३६, ८, ५, आणि मग महिने. हे आकडे उदाहरणादाखल लिहिले, पण तिथे उभे राहिले की असेच वाचावे लागते.

आपल्याकडे एक घोटाळा नेहमी होतो, तोही सांगून टाकते. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात पुष्कळ मुले होती. त्यांना ‘हिटलरपासून वाचलेली ज्यू मुले’ म्हटले जाते. ते बहुतांशी कॅथलिक पोलिश लोक होते आणि त्यांना सोव्हिएत सत्तेने हद्दपार केले होते. वळिवड्याची गोष्ट मोठी आहे, पण ती तिच्या खऱ्या रूपात सांगावी. त्याच लाटेतून इराणपर्यंत पोचलेली काहीशे ज्यू मुले मात्र १९४३ च्या आरंभी तेहरानहून कराचीमार्गे पॅलेस्टाइनला गेली, कारण इराकने त्यांना जमिनीवरून वाट दिली नाही. तेव्हाच्या अखंड भारताच्या किनाऱ्याला या इतिहासाचा झालेला हा खरा स्पर्श. आणि कोकणातून इस्रायलला गेलेल्या, घरात आजही मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांतील मुले हा इतिहास तिथल्या शाळांत शिकतात. स्मृतिदिनी सकाळी भोंगा वाजला की रस्त्यावरची मोटार थांबवून तीही दोन मिनिटे उभी राहतात. तुमच्या ओळखीत असे कोणी असेल तर त्यांना वर्गाशी बोलायला सांगा.

शेवटी वेळेविषयी. तुमच्याकडे दोन तासिका असतील तर पहिली तासिका ट्रामपाशी संपवा. दुसरी मे १९४५ मध्ये सुरू करा: मूल सहा वर्षांचे आहे, दारात एक बाई उभी आहे, ती म्हणते मी तुझी आई. स्वयंपाकघरात दुसरी बाई उभी आहे, तिलाही ते आईच म्हणते. मुलांना एवढे सांगून थांबा आणि त्यांचे प्रश्न लिहून घ्या. तुम्ही ते मला पाठवलेत तर त्यांचीही उत्तरे देईन.